वहीतलं लिखाण ब्लॉगवर आणायचंय, सुरुवात कुठून करू?

केळीचं_पान | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार. वर्षभर इथे फक्त वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

मी १९ वर्षांची आहे. पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. घर रावेर तालुक्यात, घरी केळी. अकरावीपासून वहीत लिहिते, तीन वह्या भरल्यात. पहिल्या वर्षी कॉलेजच्या भित्तिपत्रकावर माझा एक लेख लागला होता. आठव्या दिवशी त्याच्यावर रांगोळी स्पर्धेची सूचना चिकटवलेली दिसली. लेखाचा फोटोही काढला नव्हता. त्या दिवसापासून वाटतंय की आपलं लिहिलेलं आपल्या ताब्यात राहील अशी एक जागा हवी.

ब्लॉग सुरू करायचाय, पण कुठे आणि कसा ते कळत नाही. यूट्यूबवर पाहिलं तर सगळे थीम आणि कमाईबद्दलच बोलतात. खरं नाव द्यावं की टोपणनाव? मराठी टाइप करताना माझी जोडाक्षरं तुटतात. आणि खरी अडचण वेगळीच आहे: मला घरच्या गोष्टी लिहायच्यात, आणि घरच्यांना त्या चालतील का हे माहीत नाही.

ज्यांनी विद्यार्थी असताना सुरुवात केली त्यांनी सांगाल का?

---

देवनागरीवेडा | रविवार, रात्री ११:५२

स्वागत. आधी सोपं सांगतो, म्हणजे ते डोक्यातून जाईल.

गूगलच्या ब्लॉगरवर फुकट ब्लॉग उघड. वर्डप्रेस डॉट कॉमही चालेल. तिथे दिसणं जास्त नीटनेटकं होतं, पण फुकटच्या खात्यात बऱ्याच गोष्टी बंद असतात. पहिलं वर्षभर स्वतःचं डोमेन (विकतचा वेबपत्ता) घेऊ नकोस. पहिल्या वर्षी स्वस्त मिळतं, नूतनीकरणाला महाग पडतं, आणि ऐन परीक्षेत नूतनीकरण राहून जातं. रंगीत थीमही नको. पांढरी पाटी, काळी अक्षरं, मोबाइलवर वाचता येतील एवढी मोठी.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट (देवनागरी कळफलकाची मांडणी) शीक. पंधरा दिवस बोटं अडखळतील, नंतर आयुष्यभराची सोय. मोबाइलवर जीबोर्ड आहे, आयआयटी मुंबईत तयार झालेला 'स्वरचक्र' कळफलकही आहे. जोडाक्षरं तुटतात म्हणतेस त्यावरून वाटतं की तू जुना मजकूर चिकटवतेयस. डीटीपीवाल्यांकडून आलेली फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फाँटांत असते. ती अक्षरं नुसती दिसायला देवनागरी असतात. ब्लॉगवर चिकटवलीस की चिन्हांचा कचरा होतो. लिहायचं ते युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर देवनागरीच दिसते अशा अक्षरांत.

एक बारकी गोष्ट, जी मला तीन वर्षांनी कळली. ब्लॉगरवर लेखाचं शीर्षक देवनागरीत दिलं की पत्त्यात त्याचा मागमूस राहत नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एखादा आकडा येतो. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या 'पर्मालिंक'मध्ये इंग्रजी अक्षरांत दोन-तीन शब्दांचा पत्ता स्वतः लिही. प्रकाशित केल्यावर बदललास तर आधी पाठवलेल्या लिंका मरतात.

---

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ७:१५

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. आता ब्लॉग वाचतं कोण? मी नाशिकला असतो, कंपनीत रात्रपाळी करतो, सगळं वाचन फोनवर. माझ्या वयाची मुलं इन्स्टाग्रामवर आहेत. तीस सेकंदांत केळीचा मळा दाखवलास तर हजारो लोक बघतील. ब्लॉगवर महिन्याला चाळीस लोक येतील, त्यातले दहा तुझ्या हॉस्टेलचेच. लिहिणाऱ्याला वाचक नको का?

---

शाईपेन | सोमवार, सकाळी ९:४०

रात्रपाळी, तुमचा प्रश्न रास्त आहे. माझा अनुभव सांगतो, त्यातून काय घ्यायचं ते धागाकर्तीनं ठरवावं.

मी २००८ साली इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ब्लॉग सुरू केला. तेव्हा मायबोली ही मराठी वेबसाइट होतीच, अगदी १९९६ पासून. मिसळपाव हे संकेतस्थळ नुकतंच सुरू झालं होतं. 'मराठी ब्लॉग विश्व' नावाच्या एका पानावर सगळ्या ब्लॉगांचे नवे लेख एकाखाली एक दिसायचे. लेख टाकला की तासाभरात त्या यादीत वर यायचा आणि कुठल्या कुठल्या गावची माणसं येऊन दोन ओळी लिहून जायची. स्टार माझा वाहिनीनं 'ब्लॉग माझा' नावाची स्पर्धासुद्धा घेतली होती. मी बक्षीस मिळवलं नाही, पण तिच्यासाठी सहा लेख पूर्ण केले.

मग १ जुलै २०१३ ला गूगलनं रीडर ही ब्लॉग एकत्र वाचायची सेवा बंद केली. आम्ही एकमेकांचं लिखाण त्यातूनच वाचत होतो. एका दुकानात रोज भेटणारी माणसं दुकान बंद पडल्यावर पांगतात, तसं झालं. पुष्कळजण फेसबुकवर गेले. तिथे पाच-सात वर्षांत जे लिहिलं ते आज त्यांचं त्यांनाच शोधून सापडत नाही. ब्लॉगवर लिहिलेलं मात्र पंधरा वर्षांपूर्वीचंही कुणीतरी काहीतरी शोधताना येऊन वाचतं. गेल्याच महिन्यात माझ्या २०१० च्या एका लेखाखाली एका बाईंची प्रतिक्रिया आली. त्यात उल्लेख केलेला घाटातला चहावाला त्यांचे मामा होते. रीलखाली पंधरा वर्षांनी असं कुणी येईल असं मला वाटत नाही.

तेव्हा वाचक हवेतच, पण ते एकदम यावे लागत नाहीत. दोन्ही कर. रीलमध्ये मळा दाखव, खाली ब्लॉगचा पत्ता दे.

आता माझी चूक. तो ब्लॉग मी कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर उघडला होता. पदवी झाली, काही महिन्यांनी कॉलेजनं तो ईमेल बंद केला, आणि मला माझ्याच ब्लॉगमध्ये शिरता येईना. लेख दिसतात, पण एक काना दुरुस्त करता येत नाही. त्या बाईंना उत्तरही देता आलं नाही. स्वतःच्या खासगी ईमेलवर उघड, सोबत दुसरा ईमेल आणि फोन नंबर जोड, आणि दर सहा महिन्यांनी सेटिंगमधून सगळ्या ब्लॉगची प्रत उतरवून घे. जुनी वेबपानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवरही आपल्या पानाचा पत्ता देऊन ते जतन करता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

---

केळीचं_पान | सोमवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे खूप आभार. शाईपेन दादा, कॉलेजच्या ईमेलवरच उघडणार होते. आज खासगी ईमेलवर उघडला. नाव अजून ठरत नाहीये.

धीर करून पहिल्या लेखाची सुरुवात इथे टाकते. कशी वाटते ते स्पष्ट सांगा.

*"जळगाव जिल्हा हा केळीचे आगार म्हणून ओळखला जातो. येथील केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु आज केळी उत्पादक शेतकरी अनेक संकटांनी ग्रासलेला आहे. बर्हाणपूरचा भाव, वादळे आणि करपा यांमुळे त्याचे कंबरडे मोडले आहे. माझे वडीलही याला अपवाद नाहीत. त्यांचा घामाने भिजलेला शर्ट पाहिला की माझे डोळे पाणावतात."*

---

खडू_फळा | मंगळवार, दुपारी १:०५

मी नगर जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. २२ वर्षं वार्षिकांकाचं काम पाहते, म्हणजे तुझ्या वयाच्या मुलांचं लिखाण सर्वांत जास्त वाचणाऱ्यांपैकी मी एक असेन. तुला 'तू' म्हणते, चालेल ना?

स्पष्ट सांग म्हणालीस म्हणून सांगते. या सहा वाक्यांत माहिती चूक नाही, व्याकरण चूक नाही, आणि तू कुठेच नाहीस. पहिली दोन वाक्यं कुणीही लिहू शकेल, केळीचं झाड कधी न पाहिलेला माणूससुद्धा. 'संकटांनी ग्रासलेला', 'कंबरडे मोडले', 'अपवाद नाहीत' ही निबंधाच्या वहीतली वाक्यं आहेत. आम्हीच ती तुम्हाला दहावीपर्यंत घोकायला लावली, त्यामुळे दोष तुझा नाही.

पण मला तीन ठिकाणी थांबावंसं वाटलं. एक, बऱ्हाणपूरचा भाव. भाव तिथे, मध्य प्रदेशात, ठरतो का? तुमच्या घरी तो कसा कळतो, किती वाजता, आणि कळल्यावर घरात कोण काय बोलतं? दोन, करपा हा रोग. तो पानावर कसा दिसतो? तीन, शर्ट. घामानं भिजलेला शर्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक कष्टकऱ्याचा असतो. केळीवाल्याच्या शर्टावर आणखी काही असतं का? मी केळी पिकवलेली नाही, म्हणून विचारते.

आणि एक शंका. 'डोळे पाणावतात' हे तू वहीत लिहिलं होतंस का?

---

केळीचं_पान | मंगळवार, रात्री ११:३०

बाई, नव्हतं लिहिलं. खरं सांगते, वहीतला मजकूर मी एका ॲपमध्ये टाकून 'सुधारून' घेतला होता. वहीत वेगळं होतं. त्या ॲपनं 'वापसी' हा शब्द काढून 'परत आलेला माल' केलं, 'पिलबाग' तर उडवूनच टाकलं. मला वाटलं, शुद्ध झालं.

शर्टाचं तुम्ही विचारलंत आणि मी अर्धा तास नुसती बसून राहिले. केळीचा चीक असतो. तो कपड्याला लागला की कधीच निघत नाही. पप्पांच्या प्रत्येक शर्टावर डाग आहेत. एवढे नेहमीचे की ते लिहायची गोष्ट आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

---

खडू_फळा | बुधवार, सकाळी ६:५०

तो डागच तुझा लेख आहे. मानांकन वगैरे खाली कुठेतरी एका ओळीत येऊ दे, किंवा नाही आलं तरी चालेल.

आणि 'वापसी', 'पिलबाग' म्हणजे काय ते आम्हाला सांग. मी मराठीची शिक्षिका असून मला हे शब्द माहीत नाहीत.

---

केळीचं_पान | बुधवार, दुपारी ४:१५

भाव तीन मालांचे निघतात. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल. पिलबाग म्हणजे पहिला घड कापल्यावर बुंध्याशी जे पील (बाजूचा कोंब) ठेवतो, त्यावर आलेला माल. वापसी म्हणजे निवडीत मागे पडलेला, सर्वांत कमी भावाचा. आमच्याकडे एखादा मुलगा दोनदा नापास झाला तर त्यालाही वापसी म्हणतात. माझ्या चुलतभावाला म्हणायचे. तो आता सगळ्यात चांगला बागाईतदार आहे.

लागवडीचेही दोन हंगाम, पावसाळ्याच्या तोंडाची मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग. कांदेबागेत कांदा नसतो. लहान असताना मला त्याचं फार आश्चर्य वाटायचं.

---

देवनागरीवेडा | बुधवार, संध्याकाळी ६:३०

हे वाचून अंगावर काटा आला. चुलतभावाचं वाक्य आहे तसंच ठेव. हात लावू नकोस.

माझ्या खात्यातली एक दुरुस्ती. पहिल्या मसुद्यात 'बर्हाणपूर' झालंय, रफार ह वर चढलाय. ते 'बऱ्हाणपूर' हवं. मराठीत 'तऱ्हा', 'वाऱ्यावर', 'पुऱ्या' अशा शब्दांत हा आडवा अर्धा र लागतो. त्यासाठी साधा र न घेता नुक्त्याचा ऱ घे, मग हलंत (पाय मोडायचं चिन्ह), मग पुढचं अक्षर. म्हणजे ऱ, ्, ह. इनस्क्रिप्टमध्ये ऱ ला स्वतंत्र कळ आहे. तुझ्या लेखात हा शब्द पुन्हा पुन्हा येणार, म्हणून आत्ताच हात बसव.

अक्षरांचं वळणही बघ. पुष्कळ फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण हवं असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' मोबाइलवर फार सुबक दिसतो. दोन्ही फुकट मिळतात.

---

बकुळफुलं | बुधवार, रात्री ९:४५

तुझा शेवटचा प्रश्न कुणी घेतला नाही, म्हणून मी घेते. घरच्या गोष्टी लिहिण्याचा.

मी एम.ए.ला असताना माझ्या आत्याच्या संसाराबद्दल लिहिलं होतं. नाव बदललं, गाव बदललं, साताऱ्याचं मिरज केलं. लेख मनापासून लिहिलेला होता, तिच्या बाजूनं लिहिलेला होता. पण तिच्या दारातला पारिजात आणि तिचा लंगडणारा पाय मी तसाच ठेवला. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो कुणीतरी टाकला आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी ओळखलं. आत्या रागावली नाही. ती फक्त म्हणाली, "मला विचारलं असतंस तर मी तुला खरं काय ते सांगितलं असतं." नंतर दोन वर्षं ती माझ्याशी मोजकंच बोलायची. लेख मी काढून टाकला, पण लोकांच्या फोनमध्ये तो होताच.

नाव बदलून माणूस लपत नाही. गाव लहान असेल तर मुळीच नाही. आता मी असं करते: ज्याच्याबद्दल लिहिलंय तो जिवंत असेल आणि त्याला ओळखणारे वाचणार असतील, तर प्रकाशित करण्याआधी त्याला वाचून दाखवते. पाठवत नाही, वाचून दाखवते. ऐकताना चेहरा काय करतो ते दिसतं. कर्ज, आजार, लग्न, भांडण आणि व्यापाऱ्याशी असलेले व्यवहार, हे तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. व्यवहारात दुसरी बाजूही असते, आणि उद्या तुझ्या वडिलांना त्याच माणसाला माल द्यायचा असतो.

लहान मुलांचे फोटो टाकू नकोस. मजुरांचे चेहरे दिसतील असे फोटो त्यांना विचारूनच. आणि टोपणनाव घे. विद्यार्थीदशेत टोपणनावानं चुकायची मोकळीक मिळते, खरं नाव नंतर कधीही देता येतं. उलटं करता येत नाही.

---

काना_मात्रा | गुरुवार, सकाळी १०:१०

मी मुद्रितशोधक आहे, दिवाळी अंकांचं काम करतो. एक महत्त्वाचा मुद्दा राहिलाय.

बहुतेक दिवाळी अंक आणि स्पर्धा अप्रकाशित साहित्य मागतात. ब्लॉगवर टाकलेला लेख त्यांच्या लेखी प्रकाशित असतो, मग तो बारा जणांनीच वाचलेला का असेना. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांचं चांगलं लिखाण केवळ यामुळे बाजूला ठेवावं लागतं आणि मला फार वाईट वाटतं. म्हणून वहीचे दोन भाग कर. कथा, मोठा ललित लेख, ज्यावर महिनाभर काम केलंस ते अंकांसाठी राख. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, गणपतीत पाठवलेलं साहित्य बहुधा उशिराचं ठरतं. ब्लॉगवर नोंदी, शब्द, लहान लेख येऊ देत.

हक्काबद्दल. तू लिहिलंस त्या क्षणी ते तुझं झालं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी लागत नाही. दुसऱ्याचं वापरतानाही तोच कायदा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं त्याचा हक्क टिकतो. बालकवी १९१८ मध्ये गेले, त्यांची आख्खी कविता खुशाल दे. हयात कवीची आख्खी कविता 'मला आवडली' म्हणून टाकू नकोस. रसग्रहण करताना चार ओळी उद्धृत केल्या आणि नाव दिलं, तर ते चालतं.

आणि तुझा लेख कुणीतरी नाव काढून फॉरवर्ड करेल, तेव्हा रडू नकोस. माझी एक कविता 'एका अज्ञात जवानाची' म्हणून फिरते आहे. लेखाच्या अंगातच आपली खूण पेर. 'आमच्या रावेरला', 'पप्पांचा शर्ट' हे काढून टाकता येत नाही.

---

सांगली_एक्सप्रेस | गुरुवार, दुपारी ३:००

मीही विद्यार्थी आहे, बी.कॉम. शेवटचं वर्ष. पैशांचं कुणीच बोललं नाही. ब्लॉगवर जाहिराती लावून मेसचा खर्च निघेल का? मला खरंच गरज आहे.

---

शाईपेन | गुरुवार, संध्याकाळी ७:२०

सांगली, गरज आहे म्हणालात म्हणून सरळ सांगतो. नाही निघणार. गूगलची जाहिरातींची सेवा ॲडसेन्स मराठीला चालते, वय १८ लागतं. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. माझ्या दुसऱ्या ब्लॉगला तिथवर पोचायला सव्वातीन वर्षं लागली, आणि जाहिराती लेखाच्या मधोमध येऊन वाचणाऱ्याला त्रास झाला तो वेगळा. मेसचा खर्च हवा असेल तर लिखाणाचीच दुसरी कामं बघा: भाषांतर, मुद्रितशोधन, स्थानिक व्यावसायिकांच्या जाहिरातींचा मजकूर. ती मिळवायला ब्लॉग उपयोगी पडतो. 'तुम्ही काय लिहिलंय?' असं विचारल्यावर दाखवायला काहीतरी असतं. मला पहिलं भाषांतर तसंच मिळालं.

---

काना_मात्रा | गुरुवार, संध्याकाळी ७:४५

सांगली, शुद्धलेखनाचे १८ नियम पाठ असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा. यंदाच्या अंकांना दोन माणसं हवीत.

---

केळीचं_पान | शनिवार, रात्री ९:३०

बकुळफुलं ताई, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी लेख प्रकाशित करायचं थांबवलं. काल पप्पांना फोन केला. घरी जाऊन वाचून दाखवणं आत्ता शक्य नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉल केला. ते बांधावर बसले होते, मागे शेवरीची झाडं हलत होती.

लेखात मी एका व्यापाऱ्याचं लिहिलं होतं. पैसे कसे राहिले, किती राहिले, आकड्यासकट. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डागाचं राहू दे. त्या मानसाचं काढ. त्यानं तुया पहिल्या वर्षाची फी भरली व्हती, ते तुले माहीत नाही." मला खरंच माहीत नव्हतं.

मग त्यांनीच आणखी सांगितलं. खांद्यावरचा डाग आणि पोटावरचा डाग यांतला फरक. तो मी घातलाय. आता पहिला परिच्छेद असा झालाय:

*"पप्पांचे शर्ट दोन प्रकारचे. चिकाचे आणि बिनचिकाचे. बिनचिकाचे दोनच आहेत, एक लग्नाकार्याला, एक बँकेत जायला. केळीचा चीक ओला असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो. लागला हे कळतही नाही. वाळला की तपकिरी होतो, आणि मग सोडा, लिंबू, रॉकेल, कशानंच जात नाही. आईनं आता घासणं सोडलंय. डाग पोटावर असेल तर पप्पांनी घड कापला आणि दुसऱ्यानं वाहिला. डाग खांद्यावर असेल तर त्या दिवशी मजूर आले नव्हते. मागच्या मे महिन्यात वादळ झालं, बाग आडवी झाली. त्या आठवड्यातल्या शर्टावर डाग नाही. कापायला काही उरलंच नव्हतं. तो शर्ट पप्पा अजून घालत नाहीत."*

---

खडू_फळा | शनिवार, रात्री १०:०५

यात मी काहीही बदलणार नाही.

एकच. हा लेख टाकण्याआधी आणखी चार लेख लिहून ठेव, मगच पहिला प्रकाशित कर. माझ्या विद्यार्थ्यांचे कितीतरी ब्लॉग तिसऱ्या लेखावर थांबलेले मी पाहिलेत. तिसऱ्या लेखाच्या सुमारास सत्र परीक्षा येते. हाताशी चार लेख असतील तर परीक्षेच्या महिन्यातही पंधरवड्याला एक टाकता येईल. शब्दांचा लेख तर तू इथेच अर्धा लिहिलायस. करप्याचा लिही. भाव येतो त्या वेळेचा लिही. 'वापसी' चुलतभावाचा लिही, त्याला वाचून दाखवून.

---

रात्रपाळी | रविवार, पहाटे ५:४०

पाळी संपवून बसमध्ये हा परिच्छेद वाचला. दोनदा वाचला. माझे वडील गिरणीत होते, त्यांच्या सदऱ्याला तेलाचा वास यायचा आणि आई तो वेगळा धुवायची. मी विचारलं होतं की ब्लॉग वाचतं कोण. मी वाचेन. सुरू झाला की पत्ता नक्की दे.

---

केळीचं_पान | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:००

पाच लेख झाले. ब्लॉगचं नाव 'पिलबाग' ठेवलंय. पहिला लेख आज दुपारी टाकला, पत्ता माझ्या सदस्य पानावर आहे. पर्मालिंक स्वतः लिहिली, प्रत उतरवून घेतली, खरं नाव कुठेही नाही. चुलतभावानं त्याच्यावरचा लेख ऐकला आणि 'वापसी' शब्द शीर्षकात घाल म्हणाला.

आतापर्यंत १७ जणांनी वाचलाय. हॉस्टेलमधल्या नऊ जणी धरून.

---

तापीकाठ | रविवार, रात्री ११:२५

मी बऱ्हाणपूरचा. घरात आमची मराठी, बाहेर सगळी हिंदी. मुलं हिंदी शाळेत शिकली, त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून तुमचा लेख मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला आणि मुलं आपोआप येऊन बसली. आईचं माहेर रावेरकडचं. शर्टाच्या डागापाशी ती म्हणाली, पुन्हा वाच.

एक विचारू का? शेवटी ट्रक भरतो तिथे तुम्ही घड मोजून ठेवलेले लिहिलेत, पण खाली काय अंथरलं ते लिहिलं नाही. आमच्या लहानपणी आधी केळीचाच पाला अंथरायचे, कडेनंही पाला लावायचे, आणि ट्रक गेल्यावर अंगणभर त्याचा ओला वास राहायचा. तुमच्याकडे आता तसं करत नाहीत का?

---

केळीचं_पान | रविवार, रात्री ११:४०

करतात काका. पाला पसरायचं काम लहानपणी माझंच होतं. कसं विसरले कळत नाही. आत्ता घालते.